रेंजच्या आत

अठ्ठावीस दिवसांचा महिना ज्याने शोधून काढला, त्याच्या नावाने बुधरी दर अठ्ठावीस दिवसांनी बोटं मोडायची. साऱ्या जगाचा महिना तीस दिवसांचा आणि या मोबाइल कंपनीच्या घरी तेवढा बारमाही फेब्रुवारी. वर्षाचे महिने बारा, रिचार्ज मात्र तेरा. एक दिवस उशीर झाला की बाहेरून येणारा फोनसुद्धा बंद. आणि बुधरीला नेमका बाहेरून येणाराच फोन हवा होता. स्वतःहून कुणाला फोन लावायची तिला हौस नव्हती.

गडचिरोलीकडच्या कुरखेड्यापासून आत जंगलात येरमटोला नावाचं बावीस घरांचं गाव, तिथली ही बुधरी. धान पिकलं की गेली तीन वर्षं रानहत्तींचा कळप त्या बाजूला उतरायचा. कळपावर नजर ठेवायला वनखात्याचा गार्ड होता, बापूराव. कळप गावाकडे वळला की दुपारी चारच्या आत तो फोन करायचा. त्याच्या यादीत येरमटोल्यापुढे एकच नंबर होता, बुधरीचा. दुसरा फोन गावात बारा महिने चालू असेल, याची खात्री नव्हती. फोन आला की बुधरी टिनाचा डबा बडवत गावभर फिरायची, त्याआधी मात्र धावत शेत गाठायची. शेतात माचाणावर तिचा सासरा सुकलू राखणीला असे. वय सत्तरीपुढे, कान पार गेलेले आणि स्वभाव दगडाचा. बुधरीचा नवरा हैदराबादकडे बांधकामावर होता, त्यामुळे म्हाताऱ्याला उतरवायचं काम तिच्याच गळ्यात. ती तिथे जाऊन एक हात कानाला लावी आणि दुसरा सोंडेसारखा हलवी. फोन आलाय एवढं कळलं की म्हातारा निमूट उतरे. एरवी ब्रह्मदेव आला तरी हलत नसे.

गावात तिला हत्तीवाली म्हणत. ते तिला आवडायचं. खोटं कशाला सांगा, फार आवडायचं. पण रोज चार वाजले की ती फोनपाशीच घुटमळे, कारण एखादा फोन चुकला तर म्हातारा वर बसलेला आणि हत्ती खाली.

त्या आठवडी बाजाराच्या दिवशी ती कुरखेड्यात वहाबच्या दुकानात उभी राहिली, तेव्हा धान कापायला आठ-दहा दिवस उरले होते. वहाब पंधरा वर्षं मोठ्या कंपनीची सिमं विकत होता. तालुक्यात आत-आतपर्यंत टॉवर होते ते त्याच कंपनीचे, आणि ते टॉवर जणू स्वतःच्या हाताने रोवल्यासारखा तो वागायचा.

"वहाबभाऊ, फोन बंद पडला. महिना तं अजून झाला नाई," बुधरी म्हणाली.

"मेसेज वाचता येते का तुले? तारीख संपली," वहाब मान वर न करता म्हणाला.

"दोन दिवस बाकी हायेत महिन्याले."

"महिना कंपनीचा असते. तुह्या बापाचा नसते."

"बापाचं नाव काढू नको, सांगून ठेवते."

"मंग रिचार्ज कर, नाई तं बाजूले हो. परवडत नाई तं फोन कायले पायजे? जंगलात राह्यतेस, झाडाले फोन लावतेस का?"

काउंटरला टेकलेली दोन-चार गिऱ्हाइकं खो-खो हसली. बुधरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रस्त्यापलीकडे रंगीत छत्री लावून दानिश बसला होता. वहाबचा सख्खा पुतण्या, दोन वर्षांपूर्वी काकाशी भांडून वेगळा झालेला आणि आता नव्या स्वस्त कंपनीची सिमं विकणारा. तिने हात करून त्याच्याकडे दाखवलं.

"तुहाच पुतण्या निम्म्या पैशात देऊन राह्यला. तो काय येडा हाय?"

वहाबने आता मान वर केली. पुतण्याचं नाव निघालं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबत.

"जा ना, घे. पण ऐकून जा, त्याचं सिम तुमच्या तिकडं लागत नाई. चार दिवसांत नाक घासत इथीच येशील."

"माती खाईन, पण तुह्या पायरीवर नाई येणार."

हे ती एवढ्या मोठ्याने बोलली की पलीकडच्या भाजीवालीनेही ऐकलं. वहाब जे बोलला ते खरं होतं. पण खरं बोलणाऱ्याची जीभ अशी असली की ऐकणाऱ्याला ते दुकानदाराचं जळणं वाटतं, आणि बुधरीला तेच वाटलं.

दानिशची जीभ मात्र साखरेची. "बसा बाई. निम्म्यात काम. चौऱ्याऐंशी दिवस बघायचं नाई. ना कागद, ना बंधन. नंबर तोच राह्यते, फकस्त कंपनी बदलते."

बुधरी येडी नव्हती. तिने विचारायचं तेच विचारलं. "आमच्या रेंजमंधी चालते का?"

"रेंजमंधी फुल चालते."

"पक्कं?"

"रेंजमंधी असलं का पक्कं. रेंजच्या बाहेर तं कोन्तंच सिम चालत नाई, बाई."

"रेंजच्या बाहेर मले काय काम हाय?" असं म्हणून बुधरीने आधार कार्ड काढून दिलं.

आता इथे झालं काय ते सांगायला हवं. जंगलपट्टीत रेंज म्हणजे वनखात्याची रेंज. जिचा साहेब तो रेंजर, जिचं ऑफिस ते रेंज ऑफिस. येरमटोला मालेवाडा रेंजमध्ये, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. बुधरीचं सारं आयुष्य त्याच रेंजमध्ये गेलं होतं, तेंदूपत्ता तिथला, मोहफूल तिथलं, हत्तीही तिथलेच. फोनवर सिग्नल दाखवणाऱ्या काड्यांना ती काड्याच म्हणायची. दानिशने काड्यांची रेंज सांगितली आणि तिने मालेवाडा रेंज ऐकली. दोघांनीही एकमेकांना फसवलं नाही, आणि तरी फसवणूक पुरती झाली.

दानिशकडूनच जुना नंबर तेवढ्यापुरता चालू करून घेऊन, कंपनी बदलायचा मेसेज पाठवून, अंगठा देऊन ती नवं सिम पदराला बांधून घरी आली. तिसऱ्या दिवशी सकाळी जुनं सिम मेलं. बुधरीने नवं घातलं आणि फोन नेहमीसारखा दाराच्या चौकटीला टांगला. काडी आली नाही. तिने फोन ओसरीत नेला, विहिरीवर नेला, शाळेच्या ओट्यावर नेला. बंद करून चालू केला. हातात धरून मागच्या टेकडीवर चढली, तेव्हा वर एक काडी आली आणि बुधरीचा जीव भांड्यात पडायच्या आत गेली.

वहाब खरं बोलला होता. हे कळलं त्या क्षणी तिला हत्ती आठवले नाहीत. आठवली ती दुकानातली खो-खो आणि स्वतःचा मोठा आवाज. माणूस असाच असतो, आणि बुधरी काही वेगळी नव्हती.

टेकडीवरून ती उतरली तर अंगणात तिचा दीर, वेगळी चूल मांडलेला सुनिल, उभा. सिमचा सारा किस्सा तिने आधीच गावभर मिरवला होता.

"लागला का फोन, वयनी?"

"लागला," बुधरी म्हणाली.

एक शब्द. तो तोंडातून गेला आणि परत घ्यायची सोय राहिली नाही. पुढच्या बाजारी दानिशला गाठून गुपचूप काहीतरी करू, तोवर चार-पाच दिवस निभावून नेऊ, असा तिने हिशेब मांडला. आणि निभावून कसं न्यायचं तेही तिला सुचलं. त्याच संध्याकाळी, फोन आलेला नसताना, ती शेतात गेली, कानाला हात लावला, सोंड हलवली. सुकलू उतरून घरी आला. हत्ती आले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हातारा उतरला, पण वाटेत सारखा मागे वळून बघत होता. पहाटे त्याने जाऊन पाहिलं तर रात्रीत रानडुकरांनी बांधाकडचं धान आडवं केलेलं.

तिसऱ्या दिवशी त्याने तिच्या हाताकडे पाहिलं आणि थुंकला.

"तुहा नवा फोन खोटं बोलते," तो बहिऱ्याच्या मोठ्या आवाजात ओरडला. "जुना कदी खोटं नाई बोलला. जा घरी."

बुधरीने त्याचे पाय धरले, माचाणाची शिडी हलवली, रडली. तो हलला नाही. तेव्हा तरी गावात जाऊन चार माणसांना खरं सांगायचं. चार तरणे गडी म्हाताऱ्याला उचलून आणू शकले असते. ती घरी आली, चुलीपुढे बसली आणि आजही हत्ती येणार नाहीत, असं स्वतःला सांगत राहिली.

दिवस मावळता मावळता बापूराव मोटरसायकल दामटत गावात शिरला. अंगभर धूळ, कपाळाला काट्याचा ओरखडा.

"फोन काऊन लागत नाई तुमचा? दोन वाजल्यापासून लावून राह्यलो! कळप नाल्यात उतरला!"

तो पुढे काही बोलणार तोच शेताकडून लाकूड मोडल्याचा आवाज आला, आणि त्यामागून तो चीत्कार, जो एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. बुधरी पळत सुटली. मागून सुनिल, बापूराव, पेटते टेंभे, डबे, अख्खं गाव. हत्ती धान तुडवत पलीकडे गेले तेव्हा माचाणाच्या काटक्या झालेल्या होत्या आणि त्याखाली सुकलू होता. जिवंत होता. मांडीचं हाड मोडून बाहेर आलेलं होतं.

गडचिरोलीच्या डॉक्टरांनी पाय वाचवला, पण हा माणूस पुन्हा काठीशिवाय चालणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. सुनिल ते ऐकून आला आणि कुऱ्हाडीला धार लावत बसला. लोकांनी कुऱ्हाड काढून घेतली. राग कसा काढून घेणार? पुढच्या बाजारी तो दहा माणसं घेऊन निघाला, आणि बुधरीलाही चल म्हणाला, कारण सिम तिच्या नावाचं होतं. ती गेली. जाताना वाटभर दानिशला शिव्या घालणाऱ्यांत तिचाही आवाज होता, आणि तो आवाज तिचा तिलाच ओकारी आणत होता.

सुनिलने छत्रीखाली शिरून दानिशची कॉलर धरली. सिमची पाकिटं रस्त्यावर सांडली.

"माहा बाप लंगडा केला तुनं! चालते म्हणून सांगतलं होतं ना?"

"रेंजमंधी चालते म्हणलं होतं मी!" दानिश ओरडला.

"अरे, आमचं गाव मालेवाडा रेंजमंधीच हाय!"

आजूबाजूला जमलेल्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. रस्त्यापलीकडे वहाब काउंटर सोडून पायरीवर येऊन उभा होता.

"मी टॉवरची रेंज म्हणलो, भाऊ. कुरानकसम, मी टॉवरची म्हणलो," दानिश म्हणाला.

"मंग आत्ताच्या आत्ता जुनी कंपनी करून दे."

"नव्वद दिवस नाई होत. एकदा कंपनी बदलली का नव्वद दिवस थांबा लागते."

"तू तं म्हणला, बंधन नाई!"

"कंपनीचं नाई. कायदाच तसा हाय." दानिशचा गळा आवळला जात होता आणि आता त्यालाही राग चढला. त्याने सुनिलच्या खांद्यावरून बुधरीकडे पाहिलं. "पण बाई, एक सांगा. सिम सुरू झालं त्या दिवशीच समजलं असन ना, का फोन मुका हाय? दहा मिनिटांत नवीन सिम भेटते, समोर काकाच्या दुकानात. बापूरावले नवा नंबर सांगतला असता. तीन दिवस काऊन नाई आल्या?"

सारी माणसं वळली. दानिशला मारायला आलेली येरमटोल्याची दहा माणसंही वळली. बुधरीला वाटलं, अजूनही म्हणता येईल, त्या तीन दिवसांत काडी येत-जात होती, मध्येच बंद पडला. कुणाला कळणार होतं?

"वयनी, तू तं लागला म्हणली होती," सुनिल म्हणाला.

"नव्हता लागला. एक बी दिवस नव्हता लागला."

"मंग बोलली काऊन नाई?"

तिने वहाबच्या पायरीकडे बोट केलं. "तिथी नाई येणार म्हणली होती मी. चारचौघांत म्हणली होती. मले लाज वाटली."

सुनिलने दानिशची कॉलर सोडली. इतका वेळ जपून आणलेला राग कुठे ठेवावा, हे त्याला कळेना. वहिनीवर हात उचलण्याची रीत नव्हती. तो वळला, रस्ता ओलांडून वहाबच्या दुकानात गेला आणि काउंटरवर स्वतःचं आधार कार्ड आपटलं.

"सिम द्या. माह्या नावानं."

वहाबने एकदा रस्त्यावर उभ्या बुधरीकडे पाहिलं. बोलायला त्याच्याकडे पुष्कळ होतं, आणि बुधरी ते ऐकायला तयार होती. एखादी शिवी त्याने दिली असती तर बरं वाटलं असतं. पण मशीन पुढे सरकवून तो सुनिलला म्हणाला, "अंगठा ठेव, भाऊ."

सिम घेऊन सुनिल बाहेर आला. बापूराव बाजारात होताच. त्याला बोलावून त्याने नवा नंबर लिहून दिला आणि यादीतला जुना समोर उभं राहून खोडायला लावला. मग बुधरीकडे न बघता म्हणाला, "आता तू डबा वाजवू नको, वयनी. तू वाजवला तं कोणी निंघणार नाई."

"बरं," बुधरी म्हणाली.