कोणाचं गळाभर?
चिमूरकडच्या त्या गावात तलावाचं पाणी कोणी फुटांत मोजत नसे. टोंगळाभर म्हणजे गुडघ्याएवढं, मग कंबरभर, छातीभर, गळाभर. मापं एवढीच, आणि ज्याचा वाटा त्याच्याच अंगानं मोजायचा. सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की त्या दिवशी माणूस तलावात उतरे. कंबरेला पाणी लागलं तिथं एक काठी, गळ्याला लागलं तिथं दुसरी. मधला पट्टा शिंगाडा लावायला त्याचा.

उमाजीच्या घरचा पट्टा बायकोच्या, भागीरथाच्या नावानं होता. उन्हाळ्यात ती गेली. आज सांडवा वाहिला, तसा मच्छीमार सोसायटीचा सचिव मुखरू वही घेऊन काठावर आला. वाटा आता उमाजीच्या नावावर चढला, म्हणून माप उमाजीचं, असं त्यानं सांगितलं. उमाजी ताडमाड उंच. त्याच्या मापानं पट्टा आत खोल सरकणार होता आणि काठाकडची जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती. वाटा कमी होत नव्हता. पण तीस वर्षं भागीरथानं पायानं तुडवलेला चिखल त्या काठाकडच्या जागेत होता. तो उमाजी सोडणार नव्हता.

"माप तिचंच राहीन," तो म्हणाला.

"भाऊ, गेलेल्या माणसाचं माप घ्याचं कसं?"

"माह्या अंगावर हाये ते."

तो सरळ पाण्यात शिरला. मुखरू काठावरून नियम सांगत राहिला. उमाजीनं मागं पाहिलं नाही. पाणी छातीवर चढलं तसा तो थांबला आणि गळ्याच्या हाडाखाली एका जागी बोट टेकवलं.

"जाळं ओढताना ती माह्यापुढं राहे. तिचा अंबाडा इथी घासे. त्याच्या चार बोटं खाली तिचा गळा. पाह्य पाणी कुठी आलं ते."

पाणी बरोबर तिथंच होतं. पण मुखरूला ते पटेना. उद्या कोणीही छातीवर बोट ठेवून जागा मागेल, असं त्याचं म्हणणं.

शेजारच्या पट्ट्याची अन्नपूर्णा हे ऐकत काठावर शिंगाड्याचे वेल सोडवत बसली होती. ती आणि भागीरथा एकमेकींचे झंपर घालत. ती उठली, पदर खोचला आणि उमाजीजवळ जाऊन उभी राहिली. पाणी तिच्या गळ्याच्या बोटभर खाली लागलं.

"बोटभर मी उंच होती," ती म्हणाली. "जिती असती तर तिनं कबूल नसतं केलं."

काठावरचे हसले. उमाजीही हसला, कितीतरी दिवसांनी. मुखरूनं वही उघडली आणि विचारलं, की नाव उमाजीचं अन् गळा भागीरथाचा, तर लिहायचं काय?

"भागीरथाभर लिव."

"असा शब्द नाई, भाऊ."

"नव्हता. लिव."

मुखरूनं तो शब्द लिहिला. उमाजीनं गळ्याची काठी रोवली, अन्नपूर्णेकडून एक वेल मागून घेतला आणि पायाच्या अंगठ्यानं त्याचं मूळ चिखलात दाबलं. पहिल्यांदा ते वर आलं. हे काम नेहमी भागीरथाच करायची. दुसऱ्यांदा त्यानं टाच दिली, तेव्हा बसलं.