अ‍ॅक्टिन नसलेली नळी

बुल्चू डॉक्टर परदेशातून हंगेरीत, आमच्या सेगेडच्या प्रयोगशाळेत परतला आणि पहिल्याच दिवशी त्याने माझ्या अ‍ॅक्टिनला नाक मुरडलं. सव्वीस वर्षं मी सशाच्या मांसातून अ‍ॅक्टिन, म्हणजे स्नायूंमधलं तंतूंचं प्रोटीन, काढतेय. मी सुरुवात केली तेव्हा ह्या बेट्याला बुटाची नाडीही बांधता येत नसेल.

त्याचं म्हणणं, त्याने शोधलेलं नवं प्रोटीन अ‍ॅक्टिनच्या तंतूंना चिकटतं. तसं ठरलं तर त्याला स्वतःची प्रयोगशाळा मिळणार होती. तपासायची रीत सोपी. दोन्ही मिसळायचं आणि यंत्रात गरागरा फिरवायचं. तंतू तळाला बसतात. चिकटलेलं प्रोटीन त्यांच्याबरोबर खाली जातं, न चिकटलेलं वर पाण्यात राहतं. पण काही प्रोटीनं आपसातच गुठळ्या करून बुडतात, म्हणून शेजारी एक नळी अ‍ॅक्टिन न घालता, नुसत्या प्रोटीनची लावायची.

मी ती नळी लावायला घेतली.

"पिरोश्का मावशी, ही कशाला? प्रोटीन काय फुकट येतं?"

"आमच्याकडे लावतात, डॉक्टर."

"तुमच्याकडे सशाचा रस्साही करत असतील. सांगतो तेवढं करा. डोकं चालवायला मी आहे."

प्रयोगशाळेत शिकणारी पोरं फिदीफिदी हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी सांगितलं तेवढंच केलं. फक्त तो जेवायला गेल्यावर त्याचं थोडं प्रोटीन घेतलं आणि एकटंच फिरवलं. तळाला पांढरा गोळा! अ‍ॅक्टिनचा थेंब नसताना सगळं बुडालं होतं. नळी विसळून टाकली. बूड मेल्या, म्हटलं.

मे महिन्यात निवड समिती आली. बुल्चू चित्रं दाखवत तासभर बोलला. मग समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "नुसतं प्रोटीन फिरवून पाहिलंत?"

त्याचा चेहरा उतरला. "ते... मावशींनी लावलं नाही."

"डॉक्टरांनीच नको म्हटलं. विचारा ह्या पोरांना," मी मागून म्हणाले.

आमचे म्हातारे प्रोफेसर तिहामेर माझ्याकडे वळले. माझ्या वहीवर न वाचता सही करणारा हा माणूस.

"पिरोश्का, तू स्वतःपुरतंसुद्धा पाहिलं नाहीस?"

"नाही."

बुल्चूची प्रयोगशाळा हुकली, त्याचं मला काडीचं दुःख नाही. पण नळीबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, आणि तिहामेरनी "बरं" म्हणून लगेच मान डोलावली.