साडूपेक्षा मोठा पंप

साडूच्या दिवाणखान्यातली खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी पाहिली, त्या दिवसापासून ह्याच्या पोटात दुखत होतं. मग त्यानंही हट्टानं तश्शीच टाकी आणली, पण पंप मात्र साडूच्या दुप्पट ताकदीचा घेतला. झालं! असे बुडबुडे सुटले की आत मासे आहेत की सोडावॉटर, तेच कळेना. त्यानं नळ्या बदलल्या, जोड आवळले, पण बुडबुडे काही हटेनात. शेवटी बायकोनं त्याला न विचारताच साडूला बोलावलं.

साडूनं टाकीखालचं कपाट उघडून दोन मिनिटं नुसतं पाहिलं.

"साडूभाऊ, पंप फार दांडगा झालाय. वरचं पाणी कपाटातल्या ह्या डब्यात उतरायच्या आत हा ते परत वर फेकतो. डब्यातलं पाणी तळाला गेलं की पाण्याबरोबर हवाही ओढतो."

असं म्हणत त्यानं पंपाचा कॉक अर्धा बंद केला. थोड्याच वेळात पाणी नितळ झालं. महिनाभर ह्याला बघून दगडामागे दडणारा नारिंगी मासा चक्क साडूच्या बोटाशी येऊन खेळू लागला. फितूर लेकाचा!

"अगदी भाऊजींच्या टाकीसारखी दिसतेय हो!" बायको हरखून म्हणाली.

ह्याच्या अंगाचा तिळपापड झाला. साडू चहा पिऊन गेला, दार लागलं, तसा हा गुडघ्यांवर बसला आणि कपाटात हात घालून त्यानं कॉक पुन्हा पूर्ण उघडला.

"अहो, परत बुडबुडे!" बायको ओरडली.

"असू देत. त्याच्याकडे आहेत का एवढे?"