मागच्या डाव्याचं कोण ऐकतं

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे, आणि स्पीकर असूनही माझं कोणी ऐकत नाही, यापरता दुसरा ताप नाही. माझ्या पाठीवर कारखान्यातच 'मागचा डावा' असं छापलेलं आहे. चांगल्या ठळक अक्षरांत, चष्म्याशिवाय वाचता येईल असं.

आम्ही एका खोक्यातली सहा भावंडं. मधला माणसांचं बोलणं बोलतो. पुढचे दोघे संगीत आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या सांभाळतात. ढब्बू सबवूफर जमिनीवर बसून गडगडाट करतो. आम्ही मागचे दोघे बोलतो कमी, पण मोक्याचं. पाठीमागे वाजलेलं पाऊल, खिडकीबाहेरचा पाऊस, वरून गेलेलं विमान. चित्रपटगृहात भिंतीभिंतीला स्पीकर असतात. घरात तेच काम आम्ही सहाजण वाटून घेतो. यात जादू काही नाही. तुम्हाला कान दोन आहेत. डावीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित आधी पोहोचतो, किंचित मोठा लागतो, आणि तेवढ्यावरून तुमचा मेंदू त्याची दिशा ओळखतो. फक्त आम्ही आपापल्या जागी असायला हवं.

कारखान्यात तपासणी करणाऱ्या बाईंनी माझ्या जाळीला कान लावला आणि म्हणाल्या, "गुणी आहे हा." त्यानंतर कौतुकाच्या नावाने शंख.

कारण मला घरी आणणाऱ्या बाबांनी माहितीपुस्तक खोक्याबरोबर रद्दीत घातलं आणि आम्हा पाचजणांना टीव्हीच्या कपाटावर ओळीने उभं केलं, वर्गाचा फोटो काढायचा असल्यासारखं. मागे वायरी लोंबलेल्या बऱ्या दिसत नाहीत म्हणे. चित्रपटात चोर मागून यायचा आणि त्याची पावलं समोरून वाजायची. बाबा पाहुण्यांना सांगायचे, "डिट्टो थिएटर." पाहुणे मान डोलवायचे. मी आतल्या आत चरफडायचो.

त्या घरात बाबा, आई, बाबांची आई म्हणजे आजी, आणि चार वर्षांची ठकी. आईला एकच घोर लागला होता. ठकी हाकेला ओ देत नसे. कधी द्यायची, कधी नाही. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं होतं, "हिचं लक्षच नसतं. आणखी एक वर्ष याच वर्गात ठेवू या."

"मला तिच्या कानांची शंका येते," आई म्हणायची.

"कान कसले? चॉकलेटचा कागद वाजला की तीन खोल्यांतून धावत येते," आजी म्हणायची. "तिचा बापही असाच होता. चार हाका मारल्याशिवाय ढिम्म हलायचा नाही."

"अजूनही हलत नाहीत," आई म्हणायची.

"तू मोबाईलवर नको ते वाचत बसतेस," बाबा म्हणायचे, आणि आवाज वाढवायचे.

मी कपाटावरून हे रोज ऐकायचो. आई भाजी चिरता चिरता मध्येच थांबायची, ठकीकडे बघायची, हळूच नाव घ्यायची. पोरगी कधी वळायची, कधी खेळतच राहायची. मग आई पुन्हा सुरी उचलायची. सांगून दमलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो, ते मला ठाऊक आहे. माझा दिसत नाही एवढंच.

एक दिवस ढब्बू घरघरायला लागला म्हणून मेकॅनिक काका आले. ढब्बूकडे बघायच्या आधी त्यांनी आम्हाला बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"साहेब, मागचे पुढे कोणी मांडले?"

"पण आवाज तर येतो ना," बाबा म्हणाले.

"येतो हो. पाठीला लावायचं मलम पोटाला चोळलं, तरी थंड वाटतंच."

काकांनी आम्हा दोघांना उचलून सोफ्याच्या मागे, बसलेल्या माणसाच्या कानांहून थोडं वर बसवलं. सोफ्यावर एक बारीक माईक ठेवला, कोणाचा आवाज किती वेळात पोहोचतो ते मोजायला. मग एकेकातून बेताची खरखर सोडायला सुरुवात केली. ठकी सोफ्यावर चढून बसली.

"सांग बरं, कोण बोलतंय?" काका म्हणाले.

समोरचे तिघे दिसत होते, तिथे तिने अंदाजाने भागवलं. मागच्या उजव्याला तिने बरोबर उजवा हात केला. मग माझी पाळी आली. इतक्या वर्षांनी माझ्या जागेवरून मी बोललो, आणि ठकीने पुन्हा उजवीकडेच हात केला.

"वायरी उलट्या लागल्या वाटतं," काका पुटपुटले. त्यांनी त्या काढून तपासल्या. पुन्हा खरखर, पुन्हा उजवा हात.

"हा पीसच खराब दिसतोय," बाबा म्हणाले. ऐकलंत? मी खराब. काकांनी माझ्या जाळीला कान लावला. "नाही हो साहेब. हा ठणठणीत आहे."

आई दारात उभी होती. ती आली आणि ठकीचा उजवा कान तिने तळहाताने घट्ट झाकला.

"काका, परत लावा."

मी माझी खरखर सुरू केली. ठकी वाट बघत बसली. मग तिने मान वर केली. "काका, लावा ना."

"लावलंय, बाळा," काका म्हणाले.

बाबांनी रिमोट खाली ठेवला.

चार दिवसांनी आई फोनवर तिच्या ताईला सांगत होती, "डाव्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठलंय. सर्दीचं. दुखत नाही, म्हणून कळत नाही." पुढे औषधं झाली, ती पुरली नाहीत, मग एक बारीकशी शस्त्रक्रिया झाली.

मित्रांनो, मूल हाकेला ओ देत नसेल, तर पाचवी हाक चढ्या आवाजात मारू नका. जवळ जा, एकेका कानाशी हळू बोलून बघा, आणि डॉक्टरांना दाखवा. 'लक्ष नाही' म्हणणं फार सोपं असतं. आणि घरातलं एखादं माणूस तेच तेच सांगत असेल, तर ते कटकट करतंय असं धरून चालू नका.

शस्त्रक्रियेनंतरच्या रविवारी चित्रपट लागला. माझ्या वाट्याला जोराचा पाऊस आला होता. मी जीव ओतून तो पाडत होतो. ठकीने मान न वळवता डावा अंगठा खांद्यावरून माझ्याकडे केला आणि तोंड वाकडं केलं.

"आई, हा मागचा किती ओरडतो. त्याला बारीक कर ना."

आईने डोळे पुसले, रिमोट घेतला आणि माझा आवाज दोन घरं खाली आणला. मी अजिबात तक्रार केली नाही.