जयंतीआधीचे लिंपण

मित्रांनो, केनवडच्या एका घरातले मी जुने सूप आहे. खरे तर कालपर्यंत होते. आज मी बांबूच्या कामट्यांची जाळी आहे, आणि हा पराक्रम घाणीने नव्हे, स्वच्छतेने केला आहे.

मला विणले कुणी, ते आठवत नाही. सूपपण दिले ते वच्छलाबाईंनी. चौदा एप्रिलच्या जयंतीआधी आठ दिवस त्या सारे घर अंगणात काढीत. डबे घासून उन्हात पालथे, गोधड्या दोरीवर, भिंतींना चुन्यात नीळ. सर्वांत शेवटी माझी पाळी. भिजवलेला कागद आणि मेथी त्या पाट्यावर लोण्यासारखी वाटत, अंगठ्याने माझ्या फटींत दाबत आणि मला सावलीत वाळवत. कागद मुलाच्या जुन्या वह्यांचा. त्यामुळे धम्मरत्नाची चौथीपासून दहावीपर्यंतची विद्या माझ्या पाठीवर होती. त्याच्या डोक्यात किती उरली, हे मी सांगणार नाही.

पस्तीस वर्षे मी धान्य पाखडले. या घरात कुणाच्या दाताखाली खडा आला नाही.

गेल्या पावसाळ्यात वच्छलाबाई गेल्या. त्यांच्याविना ही पहिली जयंती. घर त्यांच्या हातचे असावे तसेच लखलखले पाहिजे, म्हणून सून नीलिमाने पदर खोचला. हेतू निर्मळ होता. निर्मळ हेतूंनी केलेली नासधूस उंदरांनाही साधलेली नाही. तिने मला साबणाच्या पाण्यात बुडवले आणि तारेच्या घासणीने घासले. पस्तीस उन्हाळ्यांचे लिंपण मोरीतून वाहून गेले.

शेजारच्या बेबीताई कुंपणाशी थबकल्या.

"अवं नीलिमा, सुपाले घासून राह्यली?"

"लय घान बसली होती, ताई. आत्याबाईले घान खपत नव्हती."

"घान नव्हती वं ते! तुह्या सासूचं लिंपन होतं. सुपाले कोनी धुते काय?"

नीलिमाने मूठभर ज्वारी माझ्यात टाकली. ती सरळ जमिनीवर सांडली. तिने दाणे वेचून घेतले. मग घरात जाऊन मेथीचा डबा घेऊन आली.

"किती भिजू घालाव, ताई? कागद किती?"

"मले काय मालूम? माह्यंच काय, साऱ्या गावाचं सूप तुही सासूच लिपे."

मित्रांनो, आपली आजी किती टापटिपीची होती, हे भाषणात सांगणे फार सोपे असते. ती अंगणात सूप लिंपत बसलेली असते, तेव्हा तिच्याशेजारी बसून हात भरवून घेणे तेवढे कुणाला जमत नाही. तुमची आजी असेल, तर आजच बसा.

परवा जयंती आहे. घर लखलखते आहे. भिंतीवर वच्छलाबाईंचा फोटो पुसून लावला आहे. त्याच्याखाली वाटीत मेथी भिजते आहे, आणि तिचे माप गावात कुणालाच ठाऊक नाही.