बकुळचं खरं वय

आमच्या क्लबाचा सगळा कारभार माझ्या स्कूटीच्या डिकीत मावतो. पंप, पट्ट्या, शिट्टी, फॉर्मची फाइल आणि ग्लुकोजचा डबा. चेंडू तेवढे मावत नाहीत, ते जाळीत घालून हँडलला अडकवावे लागतात, आणि लक्ष्मी गेटच्या गर्दीतून जाताना कोणी ना कोणी ओरडतंच, "मैडम जी, टमाटर कैसे दिए?" सात वर्षं झाली, हा विनोद त्या लोकांना अजून शिळा वाटत नाही. मीही सात वर्षं तितकीच चिडते.

मी दुर्गा. दिवसा रेल्वेच्या एका कचेरीत कारकुनी करते आणि संध्याकाळी नगरा नावाच्या वस्तीतल्या मुलींना फुटबॉल शिकवते. मैदान छावणीतलं, दर तीन महिन्यांनी अर्ज करून मागून घ्यावं लागतं. मुलींना गावोगाव सामन्यांना नेते, कधी दतियाला, कधी ललितपूरला. नेते म्हणजे काय, घरोघरी जाऊन बापांना पटवते, आयांना शब्द देते, तिकिटं काढते आणि परत येईपर्यंत एका जागी दोन मिनिटं बसत नाही. आमचे हे, म्हणजे गजानन, म्हणतात की देवाने मला पायाला चाकं लावून पाठवलंय.

पण त्या आठवड्याची अस्वस्थता वेगळी होती. रविवारी ग्वाल्हेरला चौदा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा होती आणि एका निवासी अकादमीचे निवडकर्ते तिथे दोन मुली निवडायला येणार होते. राहणं, शिक्षण, खेळ, सगळं त्यांच्याकडे. ते याच वयोगटातून मुली घेतात, पुढच्या वर्षी संधी नाही. आणि माझ्या बाराजणींत निवडली जाण्याजोगी एकच होती, माझी मुलगी बकुळ. आई म्हणून सांगत नाही. तिच्या पायात चेंडू आला की छावणीतले जवानसुद्धा सायकल थांबवून बघतात.

खरं म्हणजे निवडली जाण्याजोग्या दोघी होत्या. दुसरी गुड्डन. तिला महिन्यापूर्वी मी काढलं.

आमच्या क्लबात वयाची लबाडी चालत नाही. दुसऱ्या क्लबांच्या चौदाखालच्या संघात लग्नाला आलेल्या मुली उतरतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यावर भांडून दोन स्पर्धांतून बाहेरही पडले आहे. म्हणून शाळेच्या दाखल्यावर मी विश्वास ठेवत नाही. प्रत्येकीच्या आईकडून इस्पितळाची जन्माची चिठ्ठी मागून बघते. गुड्डनच्या आईने ती पत्र्याच्या पेटीतून मोठ्या कौतुकाने काढून दिली. दाखल्यावर गुड्डन तेराची होती आणि चिठ्ठीवर, स्पर्धेच्या दिवशी, चौदा वर्षं अकरा दिवसांची. मी मैदानावर सगळ्यांसमोर तिची जर्सी मागून घेतली आणि म्हणाले, "झूठी उमर लेकर मेरी टीम में कोई नहीं खेलेगा." पोरगी मान खाली घालून गेली. मला माझ्या करारीपणाचा फार अभिमान वाटला, हेही सांगून टाकते.

शुक्रवारी बकुळचा वाढदिवस होता. आमच्या घरात वाढदिवसाला मुलांना कणकेच्या दिव्यांनी ओवाळतात, जितकी वर्षं पूर्ण झाली तितके दिवे. मी कचेरीतून येऊन घाईघाईने कणीक मळली, दिवे वळले, तूप घातलं, वाती लावल्या. बकुळ पाटावर बसली, शेजारी माझे सासरे गोपाळराव खुर्चीत. मी तबक उचललं आणि फोन वाजला. ग्वाल्हेरचे संयोजक होते, त्यामुळे उचलणं भाग होतं. तबक उजव्या हातात, फोन खांद्याला दाबलेला.

"मैडम, लिस्ट फाइनल कर रहे हैं. चौदह पूरे वाली कोई नहीं है ना आपके यहाँ?"

"सवाल ही नहीं उठता, भैया जी," मी ठसक्यात म्हणाले. "मैं खुद एक-एक की जाँच करती हूँ."

"और बकुल?"

"तेरह."

बकुळ तबकाकडे बघत होती. गजानन उगाच खाकरले. मीही खाली बघितलं. माझ्याच हाताने वळलेले चौदा दिवे तबकात जळत होते.

कोणी म्हणेल, हिला माहीत नव्हतं का? माहीत होतं. आणि तरीही त्या क्षणापर्यंत हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आमच्यासारख्या नोकरदार मराठी घरांत इथे प्रत्येकाला दोन वाढदिवस असतात, एक घरचा आणि एक कागदाचा. तारीख तीच, साल एकाने पुढचं. शाळेत नाव घालायला घरातला वडीलधारा जातो आणि फॉर्मवर वर्ष वाढवून लिहितो, म्हणजे पुढे नोकरी एक वर्ष जास्त मिळते. गोपाळरावांना अशाच वाढीव वर्षात हेडक्लार्कची खुर्ची मिळाली. गजाननचं तेच, माझ्या वडिलांनी माझंही तेच केलंय. बकुळचं गोपाळरावांनी केलं, मी शेजारी उभी होते. याला आम्ही खोटं म्हणतच नाही. याला धोरण म्हणतात. खोटं ते गुड्डनच्या आईचं.

आणि जन्माची चिठ्ठी? अकरा जणींच्या आयांकडे मी ती मागितली होती. बाराव्या मुलीची आई मीच, तेव्हा मागायची कोणाकडे?

ओवाळणं कसंबसं उरकलं. जेवणं झाल्यावर मी म्हणाले, "मामंजी, बकुळला रविवारी खेळवता येणार नाही."

"का बरं?" गोपाळरावांनी चष्मा काढला. "सूनबाई, कागद बघतात की पत्रिका बघतात?"

"कागद."

"मग झालं तर. कागदावर तेरा. दोन दिवसांनी काय कोणाचे पाय लांब होतात?"

"मग गुड्डनचे अकरा दिवसांत झाले होते का?"

"तिचं वेगळं," गोपाळराव म्हणाले. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून त्यांनी विषय संपवला. गजानन पाणी प्यायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत.

बकुळ दारात उभी होती. "मैं खेलूँगी," ती म्हणाली. राग आला की ती मराठी बोलत नाही. "तूने लिस्ट दे दी है. मैं खेलूँगी."

मीही ठरवलं, खेळू दे. दोन दिवसांचा तर प्रश्न. मुलीचं आयुष्य उभं राहत असताना इतकं सोवळं कशाला पाळायचं? असं स्वतःला बजावून झोपले आणि पहाटे चारला उठून चेंडूत हवा भरत बसले.

शनिवारी दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. कचेरीत एकच फाइल तीनदा पुढे पाठवली. सरावाला मुलींवर विनाकारण खेकसले. कमल नावाची आमची गोलकीपर बिचारी रडकुंडीला आली. सराव संपल्यावर स्कूटी घराकडे न वळता नगऱ्याच्या आतल्या गल्लीत गुड्डनच्या दाराशी गेली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. माफी मागावी असं काहीतरी मनात होतं, पण कशाबद्दल मागतेय ते न सांगता मागायची होती.

तिच्या आईने खाट झटकली. "आओ मैडम जी, बैठो." रागाचा लवलेश नाही. चहा टाकला. गुड्डन मोरीशी भांडी घासत होती. तिने नमस्ते केलं आणि पुन्हा पातेल्याला भिडली. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. चहा देताना तिच्या आईने सहज विचारलं, "बकुल बिन्नू को जन्मदिन हतो ना काल? कित्ते की हो गईं?"

"तेरह," मी म्हणाले.

इतक्या पटकन म्हणाले की माझं मलाच कळलं नाही. गुड्डनचा हात थांबला. तिने वर बघितलं, एक क्षणभरच, आणि पुन्हा घासायला लागली. तेव्हा मला आठवलं. गेल्या वर्षी बकुळच्या वाढदिवसाला गुड्डन आमच्या घरी होती. दिवे तिनेच माझ्या हातून घेऊन तबकात मांडले होते, मोठ्याने मोजत. तेरा होते.

म्हणजे या पोरीला सगळं माहीत होतं. मी सगळ्यांसमोर तिची जर्सी काढून घेतली तेव्हाही माहीत होतं. एका शब्दाने ती मला तिथेच उघडी पाडू शकली असती. मैत्रिणीची संधी जाऊ नये म्हणून गप्प राहिली, की मॅडमपुढे बोलायची हिंमत झाली नाही, देव जाणे. मला मात्र त्या खाटेवर बसवेना. चहा अर्धा टाकून उठले.

रविवारी सकाळच्या गाडीने निघालो. मुली डब्यात गाणी म्हणत होत्या, बकुळ खिडकीशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती. ती माझ्यावरच गेलीय. दतिया गेलं, डबरा गेलं, मी दारापासून दारापर्यंत फेऱ्या मारत होते. बकुळला गाडीतच सांगायला हवं होतं. अकरा जणींपुढे धीर झाला नाही.

मैदानावर संयोजकांनी छापील फॉर्म पुढे केला. प्रत्येक मुलीच्या नावापुढे क्लबाच्या प्रमुखाची सही, खाली ओळ, 'उपरोक्त खिलाड़ियों की आयु मैंने स्वयं जाँची है और वह सही है.' मी अकरा सह्या केल्या. बाराव्या नावावर आडवी रेघ मारली.

"बकुल नहीं खेल रही?" संयोजकांनी विचारलं. "चोट लगी है?"

"नहीं. उमर ज़्यादा है."

बकुळ मागे उभी होती. ती ओरडली नाही, रडली नाही. "मम्मी?" एवढंच म्हणाली, जणू मी दुसऱ्याच कोणाचं नाव खोडलंय. मी तिला बाजूला घेऊन समजवायला लागले, गुड्डनचं सांगितलं, सहीचं सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि त्यातलं काहीएक ऐकत नव्हती. मग मुलींना सांगितलं. दोघीतिघींनी एकमेकींकडे बघितलं, कमलने हातमोजे चढवले, आणि सामना सुरू झाला.

अकराच्या अकरा मैदानात, बाहेर बदली खेळाडू नाही. पहिल्या अर्ध्या तासातच आमच्यावर दोन गोल झाले. बकुळ रेषेवर उभी होती. सुरुवातीला हाताची घडी घालून, मग तिला राहवेना. "लेफ्ट! लेफ्ट खाली है! अरे, दे ना उसको!" ती रेषेबाहेर पळत होती, मैदानातल्या मुलींच्या बरोबरीने, आणि ती सांगेल तिथे चेंडू गेला की आमचा खेळ जुळत होता. मध्यंतराच्या आधी एक गोल फिटला. चाल तिचीच होती, पाय दुसरीचे.

मध्यंतराला निवडकर्त्यांतला एकजण माझ्याकडे आला. टोपीवाला, वयस्कर, डोळे तरबेज.

"मैडम, वो बाहर वाली लड़की कौन है? पूरा मैच तो वही खेल रही है. उतारा क्यों नहीं?"

"चौदह पूरे हो गए हैं जी."

"कब हुए?"

"परसों."

तो हसला. वाईट हसला नाही, चांगल्या माणसासारखाच हसला. "और कागज़ में?"

उत्तर बकुळनेच दिलं. ती केव्हा येऊन उभी राहिली होती मला कळलं नव्हतं. "कागज़ में तेरह, सर."

"तो फिर दिक्कत क्या है?" त्याने हात पसरले. "हम कागज़ ही देखते हैं, मैडम. संयोजक को बोलकर नाम जुड़वा दीजिए, दूसरा हाफ़ बाकी है. मैं इसको खेलते देखना चाहता हूँ." आणि तो खुर्चीकडे परत गेला.

फॉर्म संयोजकांच्या टेबलावर पडला होता, पेन त्यावरच. वीस पावलं असतील. खरं सांगते, माझे पाय तिकडे वळले होते. बकुळने माझी बाही धरली आणि मराठीत म्हणाली, "आई, सही कर ना."

किती दिवसांनी मला आई म्हणाली ती.

"नाही, बाळा," मी म्हणाले.

तिने बाही सोडली. "साल आजोबांनी बदललं. तू तिथे उभी होतीस. गुड्डनला बोललीस तेव्हा मी पण गप्प बसले, कारण तू आई आहेस." तिचा आवाज फुटला, तरी ती थांबली नाही. "मग खोटं कोण बोललं ते सांग. आणि बाहेर कोण बसलंय ते बघ."

यातलं एक अक्षर चूक नव्हतं, आणि तरी मी सही करणार नव्हते. एवढी लाज मला जन्मात वाटली नाही आणि एवढा तिचा अभिमानही. पंचांनी शिट्टी वाजवली. मुली माझ्याकडे बघत होत्या, सूचना हव्या होत्या, आणि सूचना ज्या मुलीकडे होत्या ती मैदानाला पूर्ण वळसा घालून पलीकडच्या गोलमागे जाऊन उभी राहिली होती, तोंडाला कुलूप लावून.

दुसऱ्या हाफमध्ये आमच्यावर आणखी तीन गोल झाले. टोपीवाल्याने कागदावर दोन नावं लिहिली, दोन्ही समोरच्या संघातली. मी ओरडून ओरडून घसा बसवला, पण माझं लक्ष सगळा वेळ पलीकडच्या गोलमागेच होतं, आणि बकुळने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.