डावीकडून आलेला एक

माझी नात ऋता थोड्याच वेळात इंदूरच्या सरांना फोनवर आपला प्रोग्राम दाखवणार होती. तो पसंत पडला, तर तिला तिकडं काम मिळणार होतं. ती लॅपटॉप घेऊन बसली होती आणि मागं माझी बायको प्रमोदिनी तिची वेणी सोडत होती.

"पाहा आबा, याले कोणतंही सूत्र द्या, हा त्याचं उलटं सूत्र खुद बनवते. आजी वेणी सोडते तसं. शेवटची गुंफण आधी."

"म्हणजे माहं काम मशीनले दिलं," प्रमोदिनी म्हणाली.

सूत्र होतं: तीन वजा करा, वर्ग करा, पाच मिळवा. प्रोग्रामनं उलटं लिहिलं: पाच वजा करा, वर्गमूळ काढा, तीन मिळवा. मला ते सुंदर वाटलं. कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला असताना मी गणिताची पुस्तकं पुष्कळ वाचली. समजली किती, देव जाणे. ताळा करायची सवय तेवढी राहिली. वर्तमानपत्राच्या कडेला मी एक हा आकडा घेऊन पाहिला. उत्तर नऊ आलं. नवावरून उलटा आलो, तर पाच.

माझंच चुकलं असणार. पुन्हा केलं. पुन्हा पाच.

"काहून गप्प बसले?" प्रमोदिनीनं विचारलं.

"काही नाही. माझी चूक असंन."

"मंग चूकच दाखवा तिले."

मी कागद पुढं केला. ऋतानं तोच हिशेब खाली पुन्हा करून पाहिला.

"चूक तुमची नाही, आबा. एक घ्या का पाच, दोन्ही नवावरच पोचतात. वर्ग केल्यावर उणे दोनचेही चार अन् दोनचेही चारच."

"बस स्टँडवर उतरलेला माणूस," मी चाचरत म्हणालो, "हट्टा गावाहून आला का लामत्याहून, पाहून नाही समजत. विचारा लागते."

"हौ. मंग विचारूच."

ती भराभर लिहू लागली. "हालू नको," प्रमोदिनी कंगवा फिरवत पुटपुटली. शेवटी पडद्यावर प्रश्न उमटला: संख्या तीनच्या डावीकडची की उजवीकडची? ऋतानं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. एक तीनाहून लहान, म्हणून मी डावीकडची निवडली. नवावरून एक परत आला. तरी मी ताळा केलाच.

फोन आला. सरांना फक्त लॅपटॉपचा पडदा दिसत होता, म्हणून प्रमोदिनी नवी वेणी घालत राहिली.

"ये सवाल क्यों पूछता है?" सरांनी विचारलं.

"सर, बस स्टँड पे एक आदमी उतरा," ऋता माझ्याकडं बघत म्हणाली. मी वर्तमानपत्रात तोंड लपवलं.

सर हसले. मग म्हणाले, "बढ़िया. कब आ रही हो?"

प्रमोदिनीचा हात वेणीतच थांबला.